खांबाजवळची बोली

स्टेजमागं उभारून भीमरत्न पाणी पीत हुता. बेळगावातल्या त्या हॉलात निपाणी-चिकोडीकडची सगळी बडी माणसं येऊन बसलेली. ऐकू न येणाऱ्या पोरांच्या शाळेला बस घ्यायची हुती, त्यासाठी लिलाव. पुकारायचा भीमरत्ननं.

निपाणीत गुळाच्या सौद्यात पुकारायला शिकलेला गडी. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून कोट घालून बोलायचं पण शिकला. कार्ड छापलं. आजवर गणेश मंडळं केली, शाळांची गॅदरिंगं केली. असला हॉल पहिलाच. शाळेच्या श्रद्धा मॅडमनी सकाळीच स्पष्ट सांगितलं हुतं, "कमिटी हुबळीचा माणूस आणा म्हणत हुती. मी तुझं नाव लावून धरलंय. बस न्हाय झाली तर लांबची पोरं जूनपासनं घरात बसतील. आणि मला परत तुझं नाव काढता येणार न्हाय, भीमरत्न."

लिलावात दोनच बोल्या हुत्या. पहिली वस्तू पितळी तराजू. तंबाखूच्या वखारीतला, जुना, चकाकणारा. शेवटाला बसवर नाव घालायचा मान, तीच खरी बोली.

मार्केटात करत्यात तसंच त्यानं केलं. सगळ्यात मोठा व्यापारी हेरला.

"कलगोंडा आप्पा, सुरुवात तुमच्या तोंडानं हुंदे."

पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्या आप्पांनी मान हलवली. "पाच हजार."

आणि हॉल गप्प झाला.

मार्केटात मोठ्यानं दर काढला की बाकीचे तुटून पडत्यात. हितं कोण खोकंना सुद्धा. ही माणसं बस्तीत, म्हंजे जैन मंदिरात, पूजेच्या मानाचे सवाल बोलणारी; सवाल म्हंजे तिथली बोली. थोरल्यानं एकदा आकडा काढला की त्याच्यावर बोलणं म्हंजे त्याच्या ताटातलं उचलणं. म्हणून तिथं बारक्यांपासनं सुरू करत्यात आणि थोरल्याला शेवटाला विचारत्यात. पण हे भीमरत्नला कोण सांगणार? त्याच्या घरातलं कोण कधी बस्तीत सवाल बोलायला गेलतं?

"पाच हजार... कोण हाय पुढं? सहा?" माईकमधनं स्वतःचाच श्वास त्याला ऐकू यायला लागला. श्रद्धा मॅडम पदराशी चाळा करत हुत्या. कमिटीतला एकजण दुसऱ्याच्या कानाला लागला. आणि ज्या युक्तीला भीमरत्ननं कधी हात घातला न्हवता, ती तोंडातनं निसटली. कोण न्हाय तिथं बोट दाखवायचं.

"मागं, खांबाजवळ. सात हजार."

आप्पांच्या वर कोण बोललं? सगळ्या माना वळल्या. सगळ्यांच्या शेवटाला, सावकाश, आप्पांची.

खांबाजवळ एक माणूस हुता. पिशवी छातीशी धरून उभारलेला. सत्याप्पा. भीमरत्नचा बाप.

भीमरत्ननं त्याला येऊ नका म्हणून सांगितलं हुतं. सत्याप्पानं उभी हयात आप्पांच्याच वखारीत तंबाखूची बोदं, ती मोठाली पोती, उचललेली.

"सत्याप्पा? तू व्हय रं?" आप्पा म्हणाले.

"वखारीतला तराजू हमालाच्या दारात चालला म्हणायचा," आप्पांचा पुतण्या वीरेंद्र म्हणाला, आणि दोन ओळी हसल्या.

सत्याप्पाला काय झालं तेच कळलं न्हवतं. त्यानं लेकाकडं बघितलं. लेकाचं तोंड बघितलं आणि त्याला कळलं.

"व्हय, आप्पा. मीच बोललो."

आता भीमरत्नला खरं भ्या वाटलं. मघाचं ते काय भ्या न्हवंच.

"सात हजार, एक वार," तो म्हणाला. वर कोण बोललं तर बाप त्या सात हजारातनं सुटणार हुता. कोण बोललं न्हाय. "दोन वार." बाप ताठ उभारलेला, वखारीत मालक आल्यावर उभारायचा तसा. भीमरत्ननं हातोडा टेबलावर ठेवला.

"न्हाय," भीमरत्न म्हणाला. "बाबांनी बोली केली न्हाय. मीच केली. कोण बोलंना म्हणून भ्यालो आणि खोटं बोललो."

कोण हसलं न्हाय. हसले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी काठी जवळ ओढली. "मग तराजू माझाच?"

"तुमचाच, आप्पा."

"मग पाड की हातोडा."

त्यानं पाडला. आप्पा काठी टेकून उठले. "थोरल्यानं हात धुतल्यावर पंगत जेवंल व्हय रं, खुळ्या? मागनं वाढत ये. सत्याप्पा, चल, च्या घेऊ." आणि दोघं म्हातारे दारातनं बाहेर गेले. रागानं गेले का मोकळीक द्यायला, भीमरत्नला काय उमगंना.

"आता कुठल्या खांबाची बोली आणतोस बघू," वीरेंद्र म्हणाला.

माईक ठेवावा आणि निपाणीची एसटी धरावी, असं पाय म्हणत हुते. पण बसच्या नावाची बोली अजून व्हायची हुती.

"बसवर नाव घालायचा मान," तो म्हणाला. आवाज फाटला, परत म्हणाला. "शेवटच्या ओळीपासनं सुरू करतो. बोलणाऱ्यानं उभारायचं. मी तोंड बघून नाव घेणार, आणि सगळ्यांनी वळून खात्री करायची."

कोण उठंना. डोळे आपोआप खांबाकडं गेले. तिथं आता खरंच कोण न्हवतं. जीभ वळवळत हुती, त्यानं ती दाताखाली धरली. श्रद्धा मॅडमनी मान खाली घातली.

मागं खुर्ची वाजली. एक म्हातारी बाई उभारली.

"मी बोलू का रं बाळा?"

"नाव सांगा, आक्का."

"धोंडूबाई. माझा नातू त्याच शाळंत हाय. दहा हजार."

भीमरत्ननं आकडा परत विचारला. सगळ्यांना वळून बघू दिलं. "धोंडूबाई आक्का, दहा हजार," तो म्हणाला आणि थांबला.

तिच्या पुढच्या ओळीत एकजण उभारला. मग आणि एक. पुढच्या ओळीतला वीरेंद्र मागं वळून बघत हुता, त्याची पाळी अजून लांब हुती.

भीमरत्ननं पुढचं नाव विचारलं.