अंतर्यामी महाराजांची पाणीवाली

महाराजांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कडेवर तान्ही लेकरं घेतलेल्या बाया, पोट सावरत बसलेल्या गरोदर पोरी, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच: "महाराजांना काही सांगावं लागत नाही. तेच सांगतात!"

आई माझ्या वहिनीलाही तिथे घेऊन गेली, मागोमाग मीही. बाळंत झाल्यापासून वहिनी हसणं विसरली होती. बाळ रडलं की भिंतीकडे तोंड करायची. आईचं ठरलेलं, "बाहेरचं काहीतरी आहे."

महाराजांनी डोळे मिटून हुंकार भरला. "बाळाला टाकून निघून जावंसं वाटतं ना, पोरी? ती तू नाहीस. तुझ्या मानेवर सावली बसली आहे, सावली!"

वहिनीने चमकून वर पाहिलं. हे तिने दादालाही सांगितलं नव्हतं. आईने तर तिथेच लोटांगण घातलं.

घरी येताना मी विचारलं, "खरंच कुणाजवळ बोलली नव्हतीस?"

ती थबकली. "त्या पाणी देणाऱ्या मावशीजवळ. पाठीवरून हात फिरवून विचारलं तिने. इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं गं! सगळं बोलून टाकलं. फार हलकं वाटलं."

आम्हा दोघींच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला, आणि तिथेच रस्त्यात आम्ही एक बेत आखला.

पुढच्या खेपेला वहिनीने डोळ्यांत पाणी आणून मावशीला सांगितलं, "माझी जुळी बहीण नदीत बुडाली हो." मावशी हळहळली आणि तांब्या भरायला आत गेली.

आमची पाळी आली तसे महाराज गरजले, "तुझी जुळी बहीण! पाण्यात गेलेली! तीच बसली आहे मानेवर!"

वहिनी ताडकन उठली. "मी एकुलती एक आहे."

महाराज घाईने बायांकडे वळले.

"बघा, सावली कशी खोटं बोलते!"

"सावली नाही, मी बोलले खोटं. तुमच्या मावशीजवळ." वहिनी बायांकडे वळली. "आत यायच्या आधी तुम्ही कुणापाशी मन मोकळं केलं होतं, आठवा जरा."

एकेक मान मावशीकडे वळली. मावशीने मागच्या दाराने पोबारा केला. ती पळणार हे मात्र अंतर्यामींना दिसलं नव्हतं!

"गप्प बस गं," आई कुजबुजली, "कोप होईल."

"होऊ दे! गप्प बसूनच आजारी पडलेय मी."

आता वहिनी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे जाते. पहिल्याच दिवशी तिने दारातूनच विचारलं, "मी बोललेलं कुणाला सांगणार?"

"कुणालाच नाही. तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला तरच, आणि तेही आधी तुम्हाला सांगून."

मग ती आत जाऊन बसली. अजून काही दिवस वाईट जातात, पण बाळ रडलं की ती वळून बघते. परवा आईही तिच्यासोबत गेली आणि परत येताना पुटपुटली, "माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही."

बायांनो, बाळंतपणात अंगासारखं मनही आजारी पडतं. त्याची लाज कसली? त्यावर इलाज आहे. घरात बोला, डॉक्टरांशी बोला. आणि तुमच्या मानेवर कुणी सावली दाखवलीच, तर त्याला सरळ बाहेरची वाट दाखवा.