छापील आधार

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात एक नियम आहे. इंग्रजी शब्दाखाली मराठी वापराचं जे वाक्य द्यायचं, ते कुठेतरी छापलेलं हवं. माणसाच्या तोंडचं चालत नाही. नियम मुख्य संपादकांचा. पाठीमागे आम्ही त्यांना छापीलराव म्हणतो. घराला आग लागली तरी हे गृहस्थ आधी वर्तमानपत्र मागवतील.

मी सहा वर्षं तात्पुरती. यंदा 'सीप' (seep) या इंग्रजी क्रियापदाचं कार्ड माझ्याकडे आलं. "एवढं अडलेलं कार्ड पुरं करा, मग तुम्हाला कायम करायच्या कागदावर सही करतो," छापीलराव म्हणाले. पाझरणे, झिरपणे, मुरणे, ठिबकणे... जुने कोश एकमेकांचं बघून लिहिलेले. फरक सांगणारं एक वाक्य सापडेल तर शपथ.

त्याच आठवड्यात छापीलरावांच्या खुर्चीमागची भिंत ओली झाली. प्लंबर आला. त्याने भिंतीवर तळहात टेकला.

"ठिबकलं असतं तर आवाज आला असता हो. हे झिरपतंय. झिरपणारं पाणी दिसतं, तेव्हा त्याला आत शिरून महिना झालेला असतो."

मला इतका आनंद झाला की त्याच्यासमोरच वाक्य कार्डावर उतरवलं. आधाराच्या रकान्यात लिहिलं: प्लंबर, तोंडी.

छापीलरावांनी कार्ड दोन बोटांत धरलं, मेलेलं झुरळ धरावं तसं.

"प्लंबर? उद्या भंगारवाल्याला विचाराल."

"सर, त्याचा जन्म पाण्यात गेलाय."

"म्हणूनच तो प्लंबर आहे. छापील आधार आणा, नाहीतर सहीचं विसरा."

पंधरा दिवसांनी रविवारच्या पुरवणीत छापीलरावांचा लेख आला. तिसऱ्या परिच्छेदात प्लंबरचं वाक्य जसंच्या तसं. फक्त 'हो' गाळलेला, आणि सुरुवातीला 'मला नेहमी वाटतं' चिकटवलेलं. लाज कशाशी खातात हे या माणसाला ठाऊकच नाही.

सोमवारी त्यांनी कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. "घ्या, मिळाला आधार." दुसऱ्या हातात माझा कागद होता, पेनाचं टोपण काढलेलं.

 मी नवं कार्ड घेऊन आधाराच्या रकान्यात छापीलरावांचं पूर्ण नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात. त्यांनी सही केली.

भिंत वाळली का बघायला प्लंबर आला होता. "ताई, त्या दिवशी लिहिलं होतंत ते लागलं का कामाला?" त्याने विचारलं.

"लागलं," मी म्हटलं.