तिसऱ्या ओळीतला रोलर

धुळ्याच्या रूपचंद मिस्त्रींचे हात बिघडलेलं यंत्र दिसलं की शिवशिवायचे, आणि चालतं यंत्र दिसलं की जरा जास्तच. जळगावच्या कृषी प्रदर्शनात थायलंडच्या एका पाहुण्यानं केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र आणलं होतं. आपल्याकडच्या चिवट खोडापुढं पहिल्याच दिवशी त्याचा रबरी रोलर घसरायला लागला. दुसऱ्या दिवशी पाहुणा जेवायला गेला, तेवढ्यात मिस्त्रींनी तो काढला आणि ओळखीच्या लेथवर करून आणलेला खाचांचा लोखंडी रोलर बसवला.

यंत्र असं पळालं की बघायला रांग लागली. पाहुण्यानं मिस्त्रींना मिठीच मारली. जुना रोलर पेटीत असेल, असं तो धरून चालला. रोलर मात्र एव्हाना मिस्त्रींच्या पिशवीतून धुळ्याला पोचला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेवटच्या दिवशी कामिनीनं यंत्राच्या सुट्या भागांची यादी असलेलं कस्टमचं हिरवं पुस्तक उघडलं. मिस्त्रींची ही भाची माल पाठवणाऱ्या कंपनीत नुकतीच लागली होती आणि यंत्राचे सगळे कागद तिनंच केले होते. यंत्र विकायला नाही, नुसतं दाखवायला आलेलं, म्हणून त्याच्यावर कस्टमची ड्युटी नव्हती. फक्त यादीतला एकूण एक नग परत गेला पाहिजे. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं : रबरी रोलर, नग एक.

"मामा, जसं आलं तसंच परत जायला हवं," कामिनी म्हणाली. "नाहीतर ही माझी पहिली आणि शेवटची सही."

दोन तास फटफटी हाणून मिस्त्री धुळ्याला घरी पोचले. त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, तो रोलर डुगडुगणाऱ्या गव्हाच्या कोठीखाली टेकू म्हणून लावला होता. आधी वीट आणा, मग न्या, असं त्यांनी बजावलं. वीट शोधण्यात आणखी अर्धा तास गेला.

संध्याकाळी मिस्त्रींनी धावतं यंत्र स्वतःच्या हातानं पुन्हा लंगडं केलं. फार वाईट वाटलं त्यांना. आपला रोलर त्यांनी पाहुण्यापुढे धरला, पण तो यादीत नाही म्हणून कामिनीनं नेऊ दिला नाही. पाहुण्यानं टेपनं मापं घेतली, फोटो काढले आणि हात जोडले. कामिनीची सही वाचली. लोखंडी रोलर घरी आला आणि सुंदरबाईंनी वीट काढून तो कोठीखाली सरकवला.

पुढच्या वर्षी यंत्र परत आलं, नवं पुस्तक घेऊन. कामिनी यादी वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर थांबली. मग तिनं मामांना जवळ बोलावून मोठ्यानं वाचलं : रोलर, लोखंडी, 'रूपचंद' पद्धतीचा, नग एक.

मिस्त्रींचे डोळे भरून आले, ते त्यांनी ग्रीसच्या हातानंच पुसले.

"आखो एकदा वाच," ते म्हणाले.

तिनं वाचलं. मग यंत्राला हात लावायचा नाही, अशी तंबीही दिली. मिस्त्रींनी शहाण्यासारखे हात पाठीमागे बांधले आणि यंत्राकडे निरखून पाहिलं.

"पट्टा जरासा ढिला शे," ते हळूच म्हणाले.