ओळखीचा आवाज

चौकाचौकातल्या खांबांवरून दिवसभर बोलणारी बाई घरी फारशी बोलत नसे. दिवसभर घसा कामाला जुंपल्यावर माणूस घरी येऊन गप्पच बसणार. तिच्या आईची मात्र तक्रार नव्हती. खिडकीखालच्या खांबातून "दाराला कडी लावा, अनोळखी माणसाला आत घेऊ नका" असं आलं, की म्हातारी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, "हो गं बाई." लेकीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा तिचा बाणा.

खांब सरकारचे, कर्णे कंपनीचे. ही कंपनी कुलपं आणि कॅमेरे विकायची. शहरात एका जोडप्याला घरात घुसून कुणी तरी मारलं होतं, ते भयंकरच होतं. पुढे तसं काही घडलं नाही, तरी सूचना वाढतच गेल्या आणि कुलपं हातोहात खपली. गृहखात्याला वाटेल त्या घरात शिरायची मुभा देणारा कायदा हवा होता, कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं, दोघांचं अगदी गुळपीठ जमलं. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि पळवणारा आवाज गोड होता.

त्या गोडव्याची युक्ती तिची स्वतःची. माइकपलीकडे आई बसली आहे असं समजून ती बोलायची. म्हणून तर लोक ऐकायचे.

एके दिवशी नवा मजकूर आला. ओळखीचा आवाज आला तरी दार उघडू नका, फक्त सरकारी पथकालाच उघडा. तिने विचारलं, ओळखीच्या आवाजाने कुणी फसलंय का? खात्याचे अधिकारी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाले, फसू शकतं. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकमेकांना हाक कशी मारायची, या तिच्या प्रश्नावर कंपनीचा व्यवस्थापक हसला आणि तिच्या आवाजाची तोंड भरून स्तुती करू लागला. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक मान खाली घालून बटणं पुसत बसला. आपण नाही म्हटलं तर दुसरी कुणी वाचेल, असं तिच्या मनात आलं. हा विचार फार सोयीचा असतो. तिने मनातल्या मनात आईला समोर बसवलं आणि वाचलं.

पुढच्याच आठवड्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं. थेंब वेळेवर पडले नाहीत तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेक कामावर असताना वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन थेंब घालणार होत्या.

दुपारी काकूंचा फोन आला. म्हातारी सकाळपासून दार उघडत नव्हती. लेक हातातलं काम टाकून धावत सुटली. किल्लीने कुलूप उघडलं, पण आतून कडी होती.

"आई, मी आहे. कडी काढ."

आत पावलं वाजली आणि थांबली. "माझ्या लेकीनं सांगितलंय, ओळखीचा आवाज आला तरी उघडायचं नाही."

"अगं, मीच ती लेक."

"तेच तर. तिच्यासारखं हुबेहूब बोलता तुम्ही लोक."

तिने लहानपणच्या खोड्या सांगितल्या, वडिलांच्या शेवटच्या दिवसांतलं सांगितलं, शेवटी रडली. आतून एवढंच आलं, की आता गप्प बसा, नाहीतर पथकाला बोलावते. शेजारची दारं बंदच राहिली. काकूसुद्धा जिन्यातूनच बघत होत्या.

तिने डोळे पुसले. आवाज हवा तसा वळवणं हे तर तिचं पोटापाण्याचं काम. तिने घसा जड केला आणि दारावर मूठ आपटली.

"सरकारी पथक. दार उघडा."

कडी लगेच निघाली. पट्टी बांधलेली म्हातारी दोन्ही हात जोडून उभी होती.

"साहेब, मी एकटीच आहे. घर बघून घ्या. माझी लेक तुमचंच काम करते."

तिला आई म्हणून हाक मारायची होती. कोणत्या आवाजात बोलायचं हेच तिला कळेना.

तेवढ्यात खिडकीखालचा खांब तिच्याच ध्वनिमुद्रित आवाजात बोलू लागला. म्हातारीचा चेहरा एकदम निवळला. तिने खिडकीकडे बोट केलं.

"ती बघा साहेब, बोलतेय. हो गं बाई, फक्त साहेबांनाच उघडलंय."