मोंतीच्या सणाची टोपली

जुसेफिनबायची सोन्याची साखळी अकरा वर्षांनी सापडली, तीही सासूच्या गादीत. सासूला जाऊन दोन वर्षं झाली होती. कापूस पिंजायला म्हणून गादी उसवली, तर कापसाच्या गोळ्यातून पदकासकट साखळी बाहेर आली. विसरभोळ्या म्हातारीने ती कधी आणि कुणापासून लपवली होती, ते देवालाच ठाऊक.

हरवलेलं सोनं सापडलं की माणूस नाचतो. जुसेफिनबाय मटकन खाली बसली. याच साखळीपायी तिने चर्चच्या अंगणात, मिस्सा सुटल्यावर साऱ्या गावासमोर, कातरीनला चोर म्हटलं होतं. कातरीन तिच्याकडे लावणीला, कापणीला यायची. त्यानंतर तिला कुणीच शेतावर बोलावलं नाही. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ती पोर नर्स होऊन आखातात गेली ती गेलीच. कातरीन एकटी विड्या वळत राहिली. आणि जुसेफिनबाय दर रविवारी पहिल्या बाकावर डोळे मिटून बसत राहिली.

मुलगा अल्बन मोठा व्यवहारी. त्याने तोडगा काढला.

"माय, मोंतीच्या सणाला साखळी मरियामातेच्या गळ्यात घालू. सोनं देवाचं झालं की प्रश्न मिटला. लोकही नाव काढतील."

जुसेफिनबायला ते पटलं, खोटं कशाला सांगा. मोंतीचा सण म्हणजे मरियामातेचा जन्मदिवस आणि नव्या भाताचा सण. त्या दिवशी नव्या लोंब्या आशीर्वादासाठी द्यायचा मान सासऱ्यांपासून तिच्या घराचा. टोपली डोक्यावर घेऊन मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे चालायची. खरं सांगितलं तर हा मान राहणार होता थोडाच?

पण सणाआधीचे नऊ दिवस तिला वैरी झाले. रोज संध्याकाळी पोरं बाळमारियेला फुलं वाहायची, आणि हिच्या मनात यायचं, शेजारणीचं लुगडं ओढून आईला नेसवायला निघाले आहे मी. देवाला काही द्यायचं तर आधी ज्याला दुखावलं त्याच्याशी समेट करावा, हे लहानपणी घोकलेलं. गावातल्या पोरांनाही तिनेच शिकवलेलं. आता ते गिळताही येईना आणि ओकताही येईना.

सणाच्या सकाळी अंगणातल्या क्रुसापाशी सगळं गाव जमलं. बँडवाले तयार, पोरांच्या हातात फुलांच्या थाळ्या. फादरांनी तीर्थ शिंपडायला हात उचलला, तेवढ्यात जुसेफिनबायने डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"थांबा, फादर." तिने मुठीतली साखळी वर धरली. "ही कातरीनने चोरली असं मी इथेच उभी राहून सांगितलं होतं. ती माझ्याच घरात होती. कातरीन चोर नाही. खोटी मी."

अल्बन पायांच्या बोटांकडे बघत राहिला. वाडीचे पुढारी सांतान घसा खाकरून, टोपली आता कोण नेणार, असं काहीतरी पुटपुटले. टोपली आता आपल्या डोक्यावर शोभत नाही, असं तिनेच त्यांना सांगून टाकलं आणि ती चालत सुटली, थेट फणसाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या कातरीनपाशी. हात जोडून तिने माफी मागितली, साखळी पुढे केली.

कातरीनने तिची मूठ मिटून साखळी परत ढकलली.

"ती ठेव तुझी तुला. मला माझं नाव तेवढं हवं होतं. केव्हाच माफ केलंय म्हटलं तर पाप लागेल. अकरा वर्षं रोज तुला शिव्या देऊन मग चहा घेते मी. पण आज करते माफ. आता उद्या चहा कसा गोड लागायचा ते बघू."

कुणीतरी फिसकन हसलं. जुसेफिनबाय रडता रडता हसली. तिने कातरीनला हाताला धरून क्रुसापाशी आणलं आणि टोपली उचलून स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर ठेवली. बँडवाल्यांनी असा दणका उडवला की फणसावरचे कावळे उडाले.

कातरीन ताठ मानेने पुढे चालली. जुसेफिनबाय सगळ्यांच्या मागे, आणि गळा काढून गात होती, सुरात की बेसुरात याची पर्वा न करता. सासऱ्यांपासूनचा मान गेला होता, मुलगा रुसला होता, आणि तिला मात्र आनंद पोटात मावत नव्हता. आशीर्वाद म्हणतात तो हाच, हे तिला साठीत कळलं.

मिस्सा झाल्यावर लोंब्या वाटायला कातरीनच बसली. घरात जितकी माणसं तितक्या लोंब्या, अशी रीत. त्यांचे दाणे नारळाच्या दुधात घालून सगळ्या घराने एकत्र खायचे. जुसेफिनबाय रांगेत शेवटची होती.

"घरात किती जण?" कातरीनने जणू ओळखच नसावी तसं विचारलं.

"चार."

कातरीनने पाच लोंब्या मोजून तिच्या पदरात टाकल्या.

"एक माझी. दूध जरा दाट काढ. येते मी जेवायला."