निळा लसूण

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. गल्लीतली माणसं तर झाडून आली होतीच, पण पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही पोरं काखोटीला मारून धावत आल्या होत्या. मध्ये एका स्टुलावर काचेच्या दोन बरण्या, दोन्हींवर पांढरं फडकं. मागे खुर्चीत हातपारखी महाराज बसलेले. डोळे मिटलेले, दाढी नीट विंचरलेली आणि उजवा हात असा जपून वर धरलेला, की तो कोणी त्यांच्याकडे सांभाळायला दिलाय असं वाटावं.

"बाळांनो, तोंड खोटं बोलतं," महाराज म्हणाले. "डोळे खोटं बोलतात. हात मात्र कधी खोटं बोलत नाही. का बरं?"

गर्दी पुढे झुकली.

"कारण हाताला तोंडच नाही!"

लोकांनी माना डोलावल्या. इतकं खोल बोलणं त्यांच्या कानांवर कधी पडलं नव्हतं.

महाराजांनी पहिलं फडकं उचललं. ही सासूबाईंच्या हातची बरणी. व्हिनेगरमध्ये लसणाच्या पाकळ्या दुधासारख्या पांढऱ्याशुभ्र. मग दुसरं फडकं उचललं. ही सुनेच्या हातची. पाकळ्या हिरवट निळ्या, शाईत बुडवून काढाव्यात तशा.

"नीलदोष!" महाराज किंचाळले. पुढच्या रांगेतल्या बायका मागच्यांच्या पायांवर चढल्या.

ज्या सुनेचा हात असा भर अंगणात दोषी ठरला, तिला सगळी गल्ली बागवाली म्हणायची. घरामागच्या तुकड्यात ती टोमॅटो, घेवडा, काकड्या, पुदिना आणि लसूण लावायची. खाऊन उरेल ते वाळवायची, मुरवायची, बरण्यांत भरायची. लसूण तर दरवर्षी वाफ्यातून काढून सुकला, की लगेच व्हिनेगरमध्ये घालायची. या वर्षी मात्र लसूण काढला आणि तिची मुलगी ठमी तापाने फणफणली. आई मुलीच्या उशाशी, लसूण तसाच पडून. उंदीर खातील म्हणून सासूबाईंनी तो सगळा उचलून कोठीतल्या जुन्या फ्रिजमध्ये कोंबला. ठमी हिंडूफिरू लागल्यावर बागवालीने तो बरणीत भरला, आणि थोड्याच दिवसांत पाकळ्या निळ्या झाल्या.

सासूबाई दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. तापात नात बरळायची तेव्हा त्यांनीही रात्री जागून काढल्या होत्या. एवढा ताप आला कशाने, हे कोणी त्यांना धड सांगितलं नव्हतं. निळी बरणी पाहिली आणि त्यांना कारण सापडलं. त्यांनी महाराजांना बोलावणं धाडलं.

महाराज आले, बरणी उन्हात धरली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "लसूण कुठे ठेवला होता? फ्रिजमध्ये का?"

"हो महाराज."

"हं. थंडाव्यात दोष लवकर जागा होतो."

मग त्यांनी परीक्षा घेतली. सुनेने घरातला लसूण घ्यायचा, सासूने महाराजांच्या पेटीतला, मंत्र घातलेला. पुढचं सगळं अंगणात सगळ्यांनी पाहिलंच.

निकाल लागला. पुढच्या परीक्षेपर्यंत बागवालीने अन्नाला, बागेला आणि मुलीला हात लावायचा नाही. कोठीत बसायचं, कडी बाहेरून. तिच्या हातच्या सगळ्या बरण्या महाराजांच्या मठीत पोचवायच्या. "ते विष मी पचवीन," महाराज म्हणाले, आणि खरोखरच पचवलं. टोमॅटोची चटणी पचवली, वाळवलेला घेवडा पचवला, मुरवलेल्या काकड्याही पचवल्या. बरण्या तेवढ्या रिकाम्या परत यायच्या, न धुता.

आणि दुसऱ्या परीक्षेतही निळं निघालं तर? तर बाग मुळासकट उपटायची आणि सुनेला कायमची माहेरी धाडायची. मुलगी इथेच राहील.

बागवालीचा नवरा कुलूपवाला. चौकात त्याची टपरी. किल्ली हरवलेली माणसं त्याच्याकडे रडत यायची आणि हसत परत जायची. कसलंही कुलूप असो, तार फिरवली की उघडलंच. कोठीच्या दाराला तर कुलूपही नव्हतं, साधी कडी होती. ती मात्र त्याला उघडता येईना.

"आईपुढे माझं काही चालत नाही गं," तो दारामागून म्हणायचा.

"चालवून पाहिलंत कधी?"

यावर तो मागच्या खिडकीत चहा ठेवून निघून जायचा.

कोठी उत्तरेची होती, तिथे ऊन येत नसे. एक खाट, फळीवर व्हिनेगरच्या बाटल्या, सुरी-चिमटा आणि थोड्या मोकळ्या बरण्या, कोपऱ्यात घरघरणारा फ्रिज. गजांच्या खिडकीतून बाग दिसायची, आणि तोच खरा छळ होता. घेवडा वेळेवर न तोडल्यामुळे जून झाला. काकड्या वेलावरच पिवळ्या पडून फुगल्या. टोमॅटो तडकले, त्यांच्यावर माश्या बसल्या. सासूबाई भर उन्हात पानांवर पाणी ओतायच्या आणि बागवाली गज धरून ओरडायची, "मुळाशी घाला, आई, मुळाशी!" दोषी बाईचं ऐकू नये म्हणून त्या कानांवर पदर घ्यायच्या.

एक दिवस दाराच्या फटीशी छोटी बोटं दिसली.

"आई, तुझा हात निळा झालाय का गं?"

"नाही गं राणी. हा बघ."

तिने फटीतून बोटं सरकवली. पलीकडची बोटं पटकन मागे गेली. ठमी पळाली.

त्या दिवशी बागवाली पोटभर रडली. रडून झाल्यावर तिने आपला तळवा उजेडात धरून उलटसुलट करून पाहिला. खरंच काही असेल का यात? ताप आपल्याच हातामुळे आला असेल का? कोठीची कडी बाहेर होती, पण हा विचार आतून कडी घालून बसला. तो हलेना. ताटाला हातही न लावता ती तशीच बसून राहिली, जेवण गार झालं.

पण ती बागेतली बाई होती. रोप सुकलं तर नशिबाला बोल लावण्याआधी मूळ उकरून बघायची तिला सवय. हातात दोष आहे ना? मग हात न लावता पाहू.

तिने फ्रिजमधला लसूण काढला. थोड्या पाकळ्या हाताने सोलून एका बरणीत टाकल्या. थोड्या सुरी-चिमट्याने सोलल्या, बोट लागू दिलं नाही, आणि दुसऱ्या बरणीत टाकल्या. दोन्हींत व्हिनेगर ओतलं, बरण्या खाटेखाली सरकवल्या. दिवस जाता जात नव्हते. शेवटी तिने त्या बाहेर ओढल्या.

दोन्ही निळ्या! एक जास्त नाही, एक कमी नाही.

तिला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. बोट लागलं नाही तरी निळा, म्हणजे दोष बोटाचा नव्हे. मग सासूबाईंचा लसूण पांढरा का राहिला? तिला आठवलं, बरणी भरताना सासूबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, "महाराजांचा लसूण बघ कसा लोण्यासारखा मऊ! वास म्हणून नाही." कच्चा लसूण मऊ? बिनवासाचा? तो शिजल्यावरच तसा होतो.

तिला सर्दी झाली म्हणून नवरा थर्मासमधून कढत पाणी देऊन जायचा. तिने ते पाकळ्यांवर ओतलं, झाकण ठेवलं, पाणी कोमट झालं की पुन्हा कढत ओतलं. पाकळ्या मऊ पडल्या, वास गेला. मग व्हिनेगर. वाट पाहिली, आणखी वाट पाहिली. पाकळ्या पांढऱ्याच राहिल्या.

आणि मग तिला तो प्रश्न आठवला. हात पारखणाऱ्या माणसाने फ्रिजची चौकशी कशाला केली?

परीक्षेचा दिवस जवळ आला. नवरा चहा घेऊन आला, तेव्हा तिने फटीतून एक पुरचुंडी बाहेर सरकवली.

"यात सोललेला कच्चा लसूण आहे, फ्रिजमधला. महाराज आपल्याकडे जेवून आडवे होतील, तेव्हा त्यांच्या पेटीतला लसूण काढून घ्या आणि हा ठेवा."

"पेटीला कुलूप असतं."

"अहो, तुम्ही काय विकता?"

 पुरचुंडी दिसेनाशी झाली. त्याने ती पेटीत ठेवली की वाटेत गटारात टाकली, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता.

महाराज आले, जेवले, घोरले, उठले. बागवालीला अंगणात आणलं. कितीतरी दिवसांनी अंगावर ऊन पडलं आणि तिचे डोळे दिपले. महाराजांनी उघडलेल्या पेटीतला लसूण सासूबाईंनी घेतला; भीतीने तो मऊ की टणक, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तिने स्वतःचा घेतला, कोठीतून सोलून आणलेला, आधीच कढत पाण्यातून काढलेला. मग ती हात जोडून मोठ्याने म्हणाली, "महाराज, तुमचाही पवित्र हात बरणीत पडू द्या. शुद्ध हात कसा असतो ते आम्हा अडाण्यांना दिसू द्या."

गर्दीने जयजयकार केला. महाराज फुलले. त्यांनी पेटीत हात घातला आणि नेहमीप्रमाणे डोळे मिटून, मान आभाळाकडे करून पाकळ्या बरणीत टाकल्या. भरल्या पोटी त्यांच्या बोटांना मऊ-टणक काही कळलं नाही. नवरा भिंतीला टेकून पायांकडे बघत उभा होता. तिने त्याच्याकडे दोनदा पाहिलं, त्याने मान वर केली नाही.

बरण्या कपाटात ठेवून किल्ली गर्दीत उभ्या असलेल्या शाळेच्या बाईंकडे दिली आणि बागवाली पुन्हा कोठीत गेली. ते दिवस सगळ्यात वाईट. नवरा चहा ठेवायचा आणि खालमानेने जायचा. विचारलं तर "हळू, आई ऐकेल," एवढंच.

कपाट उघडलं त्या दिवशी अंगण पुन्हा खचाखच भरलं. पहिली बरणी बागवालीची.

पांढरीशुभ्र.

लोक चुळबुळले. महाराजांनी घसा खाकरला. दुसरी बरणी सासूबाईंची. फडकं निघालं आणि सासूबाई मटकन खाली बसल्या. निळी! तिसरी महाराजांची, तीही निळी, गडद.

 पण महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "पाहिलंत?" ते गरजले. "सुनेचा दोष मी आपल्या अंगावर ओढून घेतला! आणि उरलेला कुठे शिरला, ते दिसतंय तुम्हाला!"

सगळ्या नजरा म्हातारीकडे वळल्या. मघापर्यंत तिच्या शेजारी बसलेली बाई दूर सरकली. मागून कोणी तरी म्हणालं, "हिला घाला आता कोठीत!" सासूबाई आपल्या तळव्याकडे बघत होत्या, उलटसुलट करून. ते बघणं बागवालीला चांगलं ओळखीचं होतं. मनात आलं, बसू दे थोडे दिवस, कळू दे. आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती जाऊन सासूबाईंचा तोच हात धरून उभी राहिली.

"कोणाच्याही हातात दोष नाही. तुमच्याही नाही, आई. महाराज, तुमच्या पेटीत उकडलेला लसूण असतो. उकडलेला निळा होत नाही, फ्रिजमधला कच्चा होतो."

"पुरावा?" महाराज ओरडले. "माझी पेटी कुलूपबंद असते!"

"कुलूप मी उघडलं."

कुलूपवाला भिंतीपासून पुढे आला. या वेळी त्याची मान वर होती. त्याने खिशातून दुसरीच एक पुरचुंडी काढली. "तुम्ही घोरत होतात. हा तुमच्या पेटीतला लसूण, तेव्हाच मिठात घालून जपलेला. शाळेच्या बाईंनी बघावा."

शाळेच्या बाईंनी एक पाकळी चावली. "शिजवलेला आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. लसूण थंडीत राहिला की त्यात काही द्रव्यं साठतात. चिरला, आंबटात पडला की ती एकमेकांत मिसळून निळा-हिरवा रंग धरतात. हे घडवून आणणारं लसणातलं द्रव्य कढत पाण्याने निकामी होतं, मग रंग येत नाही. निळा लसूण विषारी नसतो. एका देशात तर तो मुद्दाम हिरवा करतात आणि आवडीने खातात. "आणि मुलांना ताप जंतूंमुळे येतो. लसणामुळे नाही, आईच्या हातामुळे तर नाहीच."

"महाराज, आधी कुठे कामाला होतात?" कोणी तरी विचारलं. "लोणच्याच्या कारखान्यात का?"

 पेटीही न उचलता महाराज दाराकडे सरकले आणि दिसेनासे झाले. जाताना उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.

"मी सांगते म्हणून मानू नका," बागवाली लोकांना म्हणाली. "फ्रिजमध्ये लसूण आहे. थोडा थोडा घरी न्या. अर्धा उकडा, अर्धा कच्चा ठेवा आणि स्वतः बघा. यापुढे कोणी तुमच्या घरातल्या बाईच्या हातावर बोट ठेवलं, तर तिला आत घालण्याआधी विचारा, लसूण कुठे ठेवला होता, पेटीत काय आहे. विचारायला एक मिनिट लागतं. मी किती दिवस आत होते, तुम्ही पाहिलंय."

तिने निळ्या बरणीतली एक पाकळी काढून खाल्ली. ठमी आजीच्या पदराआडून बघत होती. ती एकेक पाऊल टाकत पुढे आली आणि तिने आ केला. बागवालीने आपल्या बोटांनी तिच्या तोंडात पाकळी घातली. ठमीने तोंड वेडंवाकडं केलं.

"तिखट आहे," ती म्हणाली. "अजून दे."

कुलूपवाल्याने त्याच संध्याकाळी कोठीची कडी स्क्रू काढून उपसली. बागवाली आजही तिथे बरण्या ठेवायला जाते, पण आधी दाराला वीट लावते, दार उघडं राहावं म्हणून. सासूबाई गेल्या तर त्याही वीट लावतात.