पॅकार्डची चौकट

"डेल क्रोलनं पॅकार्ड आणलीय. उघड्या टपाची, त्रेपन्नची. अगदी तुझ्या गाडीसारखी," आर्मास म्हणाला. बहिणीच्या चेहऱ्यावर आनंद उमटायच्या आत त्यानं पुढचंही सांगून टाकलं. "जत्रेतल्या गाड्यांच्या धडकीच्या खेळात फोडायला आणलीय."

हिल्मा रायसानेनच्या हातातला कॉफीचा मग तसाच राहिला. त्या सालच्या तसल्या गाड्या बनल्याच होत्या जेमतेम साडेसातशे. त्यातली एक सहा वर्षांपूर्वी तिला एका पडक्या कोठारात सापडली होती. कोठाराची तुळई गाडीवर कोसळली होती आणि समोरच्या काचेची चौकट पार चेपली होती. बाकी सगळं हिल्मानं एकेक करून जमवलं. इंजिन खोलून बांधलं, पत्रा ठोकून सरळ केला, चाकांच्या तारा ओहायोहून आणल्या. दोनच गोष्टी मिळत नव्हत्या: ती चौकट आणि टपाचा घडीचा सांगाडा. उघड्या गाडीची चौकट वेगळीच असते. वर छप्पर नसल्यामुळे ती जाड आणि दणकट करतात. बंद गाडीची तिला चालत नाही. मिशिगनभरची भंगाराची आवारं हिल्मानं पालथी घातली होती.

आणि आता ती इथे होती, चार मैलांवर, डेल क्रोलच्या अंगणात.

ती पोचली तेव्हा डेल घण घेऊन मागचे दिवे फोडत होता. लाकूडतोड्या गडी, तिशीचा, खांदे बैलासारखे. या खेळात गाड्या एकमेकींवर आपटतात, शेवटी चालती राहील ती जिंकते; मैदानात काच न्यायची नसते, म्हणून खेळाआधी गाडीची सगळी काच फोडतात. टपाचा सांगाडा त्यानं आधीच उपटून काढला होता. चौकट मात्र जागेवर होती. तिला जाड पाईप जोडून त्यानं डोक्यावर लोखंडी पिंजरा केला होता.

"डेल, गाडी मला दे. हवे तेवढे पैसे घे."

"खेळ झाला की ये ना. उरेल ते टोपलीत भरून ने."

"निदान चौकट दे. मी दुसरी बसवून देते, याहून मजबूत."

"का म्हणून? तुझ्या त्या बाहुलीला नटवायला?" त्यानं घण उचलला आणि तिच्याकडे बघत बघत उरलेल्या दिव्यावर घातला. "ही गाडी आहे, हिल्मे. गाडी चालवायची असते, नाहीतर आपटायची असते. पुसत बसायची नसते."

त्यानं पुन्हा घण उचलला तेव्हा हिल्मानं दांडा धरला. बावन्न वर्षांची बाई, पण वडिलांच्या गॅरेजात वाढलेली; तिची पकड पान्यासारखी होती. डेलनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि मग दांड्यासकट तिला ढकलून दिलं. ती चाकांच्या ताटल्यांच्या ढिगावर तोंडावर पडली. भुवई फाटली. उठली तेव्हा डोळ्यात रक्त उतरलं होतं आणि डेलची बायको मार्लिस दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती.

घरी आर्मासनं टाके घालताना म्हटलं, "बंदूक काढू?"

"बंदुकीनं चौकट मिळत नाही," हिल्मा म्हणाली. "मला एक मोठी गाडी बघ. जड पाहिजे."

आर्मासनं आणली ती जुनी शववाहिका. गावातला अंत्यविधी करणारा ती फुकट द्यायला तयारच होता. दोघांनी तिच्या काचा काढल्या, दारं साखळीनं बांधली, पेट्रोलचा डबा मागे शवपेटीच्या जागी पट्ट्यानं आवळला. आर्मासला बहिणीचा बेत पटला नव्हता. मैदानात उतरायचं, डेलच्या गाडीवर येणारा प्रत्येक धक्का स्वतःवर घ्यायचा, बाकीचे बाद होईपर्यंत तिला जपायचं, आणि शेवटी तिचं पुढचं चाक मोडून ती बसवायची. चौकटीला ओरखडा नको.

"आणि हे त्या गधड्याला कळल्यावर?"

"कळू दे."

जत्रेच्या दिवशी समितीचा माणूस आडवा आला. "हिल्माबाई, बायकांची फेरी उद्या आहे."

"उद्या मला वेळ नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "सोडा रे तिला आत! बाई स्वतःची सोय स्वतः घेऊन आलीय!" शववाहिकेकडे बघून सगळा कठडा हसला. समितीचा माणूसही हसला, आणि त्या हसण्यातच ती आत घुसली.

आगीच्या बंबानं पाणी मारून मैदानाचा चिखल केला होता. तेरा गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या दाराला एक लाकडी पट्टी बांधलेली; हार मानली की चालकानं ती मोडायची. मागून, पुढून, कुठूनही धडक द्या, फक्त चालकाच्या दारावर द्यायची नाही, एवढा एक नियम दारूच्या नशेतही सगळे पाळत.

झेंडा पडला आणि पहिलाच दणका असा बसला की हिल्माचे दात एकमेकांवर आपटून तोंडात रक्त आलं. तिनं थुंकून टाकलं. एक हिरवी स्टेशन वॅगन उलटी धावत डेलच्या पॅकार्डकडे निघाली होती. हिल्मानं शववाहिका मध्ये घातली. पत्रा किंचाळला, वॅगनची मागची बाजू आत गेली आणि तिचं चाक तिरकं झालं. तो चालक शिव्या देत राहिला. हिल्मानं पुढे जाऊन, मागे येऊन त्याला आणखी एक दिली. त्यानं पट्टी मोडली.

मग दुसरा. मग तिसरा. कोणाचा रेडिएटर फुटून वाफेचा खांब उभा राहिला, कोणाची गाडी दुसऱ्याच्या गाडीवर चढून तिथेच अडकली. एकाचं नाक स्टिअरिंगवर आपटून फुटलं आणि तो रक्तानं माखलेल्या तोंडानं हसत पुन्हा धडका देऊ लागला. हिल्माची मान दर धक्क्याला मागे फेकली जात होती, बरगडीत काहीतरी कट्कन मोडलं होतं. पण तिला मजा येत होती. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचीच थोडी भीती वाटली. वीस-पंचवीस वर्षं ती मोडलेलं सरळ करत आली होती. मोडण्यात एवढं सुख असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डेलला तिचा डाव लवकरच कळला. तो तिच्या आडोशाला राहून खेळू लागला. तिच्या पाठीमागून निघायचा, एखाद्याला ठोकायचा आणि परत तिच्या सावलीत शिरायचा. कठड्यावरची माणसं आधी गोंधळली, मग खिंकाळायला लागली. "डेल, आईच्या पदराखालून बाहेर ये की!" डेलचे कान लाल झाले.

शेवटी दोघंच उरले.

तो उलटा तिच्यावर धावून आला. ती बाजूला सरली, वळली आणि तिनं नेम धरून त्याच्या पुढच्या उजव्या चाकावर मागचा बंपर घातला. चाक आडवं झालं. पॅकार्ड चिखलात बसली, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं. चौकट जशीच्या तशी उभी होती. हिल्मानं श्वास सोडला.

आता त्यानं पट्टी मोडायची एवढंच बाकी होतं. डेलनं मोडली नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं, हसला, उजवा पाय वर घेतला आणि लाकूडतोड्याच्या जड बुटानं चौकटीच्या मधल्या दांड्यावर लाथ मारली. दांडा वाकला. त्यानं दुसरी लाथ मारली. तिसरी मारताना तर तो तिच्याकडे बघून ओरडला, "घे! घेऊन जा तुझी चौकट!"

हिल्माचं डोकं फिरलं. तिनं गिअर टाकला आणि शववाहिका पूर्ण वेगानं मागे सोडली. कुठे जातेय हे तिला दिसत होतं. वळवायला वेळ होता. तिनं वळवली नाही. मागचा बंपर डेलच्या दारावर जाऊन बसला.

दार आत गेलं, स्टिअरिंग तिरकं होऊन त्याच्या मांडीवर रुतलं. शववाहिकेतल्या डब्याचा पट्टा तुटला, पेट्रोल सांडलं, तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडलं आणि भपकन पेटलं.

डेल ओरडला. तसं ओरडणं हिल्मानं गावातल्या खाणीच्या अपघातातसुद्धा ऐकलं नव्हतं. ती गाडीतून कशी बाहेर पडली तिला आठवत नाही. बंबाची नळी अजून कोणी उलगडलीही नव्हती. बंबावरची कुऱ्हाड तिनं ओढून घेतली आणि धावली. डेलचा पाय दारात अडकला होता, छाती पिंजऱ्याचा पाईप आणि बाक यांच्यात दाबली गेली होती. पाईप चौकटीला जोडलेला. चौकटीचा डावा खांब तुटल्याशिवाय माणूस निघणार नव्हता.

तिनं खांबाच्या बुंध्याला कुऱ्हाड घातली, जिथे तो गाडीच्या अंगाला जोडलेला असतो तिथे. पुन्हा घातली. केस जळत होते, बाही पेटली होती. पाचव्या की सहाव्या घावाला खांब सुटला. तिनं खांद्यानं पाईप वर रेटला, डेलच्या काखेत हात घातले आणि ओढलं. पायाचं मांस दाराला राहिलं. तो बाहेर आला आणि चिखलात लोळला, त्याचा उजवा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. आणि त्याच हातानं त्यानं तिच्या तोंडावर ठोसा मारला.

"मुद्दाम मारलीस! दारावर मारलीस!"

तोवर डेलचे दोघे भाऊ कठडा ओलांडून आले होते. एकानं हिल्माला केसांना धरून खाली पाडलं आणि मोडलेल्या बरगडीवर लाथा घातल्या. ती त्याच्या पोटरीला चावली, जिभेला रक्त लागेपर्यंत चावली, आणि सोडलं नाही. आर्मास धावत आला, तर दुसऱ्यानं पान्यानं त्याचा जबडा मोडला. मग कठड्यावरचे निम्मे लोक आत उतरले. ज्यांच्या गाड्या हिल्मानं बाद केल्या होत्या ते एका बाजूला, क्रोलांशी ज्यांचं जुनं वैर होतं ते दुसऱ्या बाजूला. शेरीफच्या माणसांना आवरेना, तेव्हा बंबवाल्यांनी पाण्याची नळी माणसांवर धरली. मागे पॅकार्ड निवांत जळत राहिली.

डेलच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. इस्पितळात शेरीफनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धडकीचा खेळ आहे. धडक बसली." तक्रार केली असती तर मारामारीपायी भावांनाही आत जावं लागलं असतं, हे त्याला कळत होतं. हिल्माचीही तक्रार नव्हती. आर्मासचा जबडा तारेनं शिवला होता. त्याला काही म्हणायचंच असतं तर म्हणता आलं नसतं.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात मार्लिस क्रोल ट्रक घेऊन गॅरेजच्या दारात आली. मागे ताडपत्रीखाली काळं पडलेलं लोखंड होतं.

"हिल्माबाई, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"दारावर मुद्दाम मारलीत का?"

 वेळ होता, वळवली नाही, हे रोज रात्री हिल्माच्या डोळ्यांपुढे येत होतं. "हो," ती म्हणाली.

मार्लिसनं हातातला चामडी हातमोजा काढला आणि सगळ्या ताकदीनं तिच्या थोबाडीत मारली. हिल्माचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. मग मार्लिसनं हातमोजा परत चढवला. 

"बाहेरही तुम्हीच काढलंत, म्हणून एकच मारली," ती म्हणाली. "आता हे उतरवून घ्या. मला एकटीला उचलत नाही."

ताडपत्रीखाली चौकटीचे दोन तुकडे होते. आणि त्यांच्या खाली, न जळलेला, टपाचा सांगाडा. डेलनं खेळाआधी उपटून शेडमागे फेकला होता तो.

"डेलला माहीत आहे?"

"तो आजकाल दिवसभर खिडकीबाहेर बघत बसतो, दुसरं काही त्याला दिसत नाही. उचला."

दोघींनी मिळून सगळं उतरवलं. हिल्मानं कॉफी विचारली, मार्लिस नको म्हणाली आणि गेली.

तो सबंध हिवाळा हिल्मा चौकटीपाशी बसली. तिच्या चेपलेल्या चौकटीचा डावा खांब चांगला होता, डेलच्या चौकटीची उजवी बाजू आगीतून वाचली होती. मधला दांडा, त्याच्या लाथांनी वाकलेला, तिनं तापवून, ठोकून, केसाकेसानं सरळ करत आणला. हातोडा उचलताना कधी कधी तो मैदानातला आनंद अंगात उसळून यायचा. मग ती हातोडा ठेवून बाहेर बर्फात जाऊन उभी राहायची, आणि निवल्यावर परत यायची. जबड्याची तार निघेपर्यंत आर्मास नळीनं सूप पीत बघत बसायचा.

जूनमध्ये टप उघडून दोघं बाहेर पडले. लाकडाच्या वखारीजवळ रस्ता अरुंद होतो. तिथे फाटकाशी डेल उभा होता. कुबडी एका काखेत. गाडी जवळ येताच त्यानं वाकून दगड उचलला आणि फेकला. दगड गाडीच्या बराच पुढे रस्त्यावर जाऊन पडला.

हिल्मानं गाडी थांबवली. आर्मासनं तिचा दंड धरला, तो तिनं सोडवला आणि खाली उतरली. डेलनं दुसरा दगड उचलला होता. दोन बोटांत तो नीट बसत नव्हता.

"नेम नाही लागत आता," तो म्हणाला. रागानं नव्हे, नुसती माहिती दिल्यासारखं.

"डाव्या हातानं शिक."

तो तिच्याकडे, मग गाडीच्या चौकटीकडे बघत राहिला. उजव्या खांबावर त्याची नजर जरा जास्त रेंगाळली. तो त्याच्याच गाडीचा होता, आणि त्याला ते ओळखू आलं.

"शिकतोय," डेल म्हणाला. "पुढच्या उन्हाळ्यात लागेल नेम. तेव्हा दुसऱ्या रस्त्यानं जात जा."

"हाच रस्ता जवळचा आहे."

डेलच्या तोंडून आवाज आला. ते हसू होतं की शिवी, हे तिला कळलं नाही. ती परत येऊन बसली. आर्मासला हसू आलं होतं, पण एकदा मोडलेल्या जबड्याला ते सोसेना, म्हणून तो गाल दोन्ही हातांनी धरून बसला. हिल्मानं गिअर टाकला आणि वखारीवरून गाडी सावकाश पुढे काढली. आरशात बघितलं, तर डेल अजून फाटकाशीच होता, आणि दगड त्यानं डाव्या हातात घेतला होता.